एका चमच्याचा हिशेब

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत मधाच्या दुकानासमोर दहा मिनिटे उभे राहिले, तरी एक प्रश्न हमखास कानावर येतो. चिक्की, चपला, स्ट्रॉबेरीचा जाम अशी सगळी खरेदी आटोपून पन्नाशी-साठीतले कुणीतरी बाटली हातात घेते, उजेडाकडे धरून रंग बघते आणि आवाज थोडा खाली आणून विचारते, “शुगरवाल्यांना चालतो ना?” पलीकडचे उत्तरही ठरलेले असते. “हा साधा नको, जांभळाचा न्या काकू. शुगरला औषधच आहे.” बाटली पिशवीत जाते.

हे पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिले आहे. विचारणारी व्यक्ती भाबडी नसते. तिने चहातली साखर सोडलेली असते, पुरणपोळी अर्ध्यावर आणलेली असते, आंब्याच्या दिवसांत घरातल्यांच्या ताटांकडे न बघता जेवायची सवय लावून घेतलेली असते. गोडाची एखादी वाट उघडी असावी आणि ती औषधाचीही निघावी, एवढीच तिची आशा. तिला फटकारणे सोपे आहे. तिला खरे उत्तर देणे अवघड, कारण ‘मधमाशीची उत्पादने’ म्हणून एकाच फळीवर मांडलेल्या वस्तू रक्तातल्या साखरेशी अगदी वेगवेगळ्या वागतात. मध ही मुळात साखर आहे. प्रोपोलिसमध्ये साखर जवळजवळ नसतेच. रॉयल जेलीची गोष्ट तिसरीच. या सगळ्यांना ‘नैसर्गिक’ या एका शब्दाखाली आणले, की मधाची बदनामी प्रोपोलिसला चिकटते आणि प्रोपोलिसबद्दलची आशा मधाच्या बाटलीवर छापली जाते.

आणि हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशभराचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. १० कोटी १० लाख मधुमेही, आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे चार प्रौढांत एक. मधाची बाटली नाही आणि शुगरवाले कुणी नाही, असे घर आता शोधावे लागेल.

आधी चमच्याचा हिशेब मांडू. चहाच्या चमचाभर साखरेचे वजन साधारण चार ग्रॅम भरते. त्याच चमच्यात मध घेतला तर तो सात ग्रॅम भरतो, कारण मध जड असतो, पाण्याच्या जवळजवळ दीडपट. त्यात पाणी १७ टक्क्यांच्या आसपास आणि साखरा ८० टक्क्यांच्या वर. म्हणजे चमचाभर मधातून पावणेसहा ग्रॅम साखर पोटात जाते. चमच्यास चमचा तोलला तर मधाचे पारडे जड आहे, हे ऐकून माझ्या व्याख्यानांत लोक दर वेळी चमकतात. या साखरा असतात फ्रुक्टोज ३८ टक्के, ग्लुकोज ३१ टक्के आणि बाकी माल्टोज वगैरे. उरलेल्या चिमूटभरात वितंचके, आम्ले, खनिजे, परागकण आणि मधाला रंग-गंध देणारी फुलांची द्रव्ये येतात. मधाचे सगळे कौतुक या चिमूटभराचे आहे. ते खोटे नाही. पण त्या चिमटीपर्यंत पोचायला आधी ८० टक्के साखर ओलांडावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा घालून दिली, तेव्हा मधातली साखर त्याच हिशेबात धरली. दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे दोन हजार उष्मांकांच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत. चहा, बिस्किटे, सरबत, मध, सगळे त्या पन्नासात.

हा हिशेब मी पुस्तकांतून नंतर शिकले. आधी तो घरात बघितला. माझ्या आईला मधुमेह होऊन बारा वर्षे झाली होती आणि तिची तीन महिन्यांची सरासरी साखर ७.१ वर टिकून होती. मग नात्यातल्या एकांनी मोठ्या मायेने सांगितले, की रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि दोन मोठे चमचे मध घे, शुगर मुळापासून जाते. आईने घेतले. अंगात हलके वाटायला लागले म्हणून दुपारची गोळी तिने आपल्या मनाने बंद केली. मला ते कळले चार महिन्यांनी, तपासणीचा कागद हातात आला तेव्हा. आकडा होता ८.३. “अगं, साखर नाही गं, मध घेत होते,” आई म्हणाली. त्या वाक्यात खोटेपणाचा लवलेश नव्हता. तिच्यासाठी साखर आणि मध या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू होत्या, आणि इतक्या वर्षांत तिला उलटे सांगण्याचे कुणालाच सुचले नव्हते. मलाही नाही.

आपल्या भाषेने हा गुंता आधीपासून करून ठेवला आहे. मधुमेह या शब्दात मध आहे आणि डायबेटिस मेलिटसमधल्या ‘मेलिटस’मध्येही तोच आहे. लॅटिनमध्ये ‘मेल’ म्हणजे मध. युरोपातून आलेल्या पाळीव माशीचे नाव मेलिफेरा, म्हणजे मध वाहून आणणारी. रोगाचे आणि माशीचे नाव एकाच मुळातून निघाले. लंडनचे टॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये या रुग्णांच्या लघवीची चव गोड असल्याचे नोंदवले, आणि १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉबसन यांनी ती गोडी साखरेची असल्याचे दाखवून दिले. त्याच्या कितीतरी आधी चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत अंगाला नि लघवीला मुंग्या लागण्याचे निरीक्षण येऊन गेले होते.

चरक-सुश्रुतांचा विषय निघाला, की श्रोत्यांतून हात वर होतो. “पण आयुर्वेदात प्रमेहाला मध सांगितलाय ना?” सांगितलाय. चरकांनी मधाचे चार प्रकार मानले, सुश्रुतांनी आठ. मध तुरट, रूक्ष आणि लेखन, म्हणजे साठलेले मेद खरवडणारा, असे त्याचे गुण मानले गेले आणि आवळा-हळदीसारख्या औषधांबरोबर तो दिला गेला. मात्र त्याच ग्रंथांत रुग्णाला जवाची भाकर आहे, तुरट-कडू भाज्या आहेत, आणि सुश्रुतांनी गरीब रुग्णाला सांगितलेला उपाय तर असा, की अनवाणी शंभर योजने चाल, मुनीसारखे खा, विहीर खण. हा सगळा आहार-विहार सोडून त्यातला मध तेवढा आपण उचलला. शिवाय मध गरम करू नये असे आयुर्वेद बजावतो, आणि आपण तो सकाळी वाफाळत्या पाण्यात ढवळतो. ग्रंथाचा हवाला द्यायचा तर पूर्ण द्यावा. विहीर खणणाऱ्या माणसाला दोन चमचे मध कुणी नाकारणार नाही.

आता प्रयोगांकडे. इथे वाचकाने थोडा धीर धरावा, कारण मधाच्या बाजूचा आणि विरुद्ध बाजूचा असे दोन्ही पुरावे खरे आहेत. इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये ज्या टोरांटो विद्यापीठात लागला, तिथल्याच संशोधकांनी अलीकडे मधावरच्या १८ नियंत्रित चाचण्या एकत्र करून पाहिल्या. ११०५ माणसे, बहुतेक निरोगी. मधाची मात्रा साधारण ४० ग्रॅम रोज, मुदत आठ आठवडे. उपाशीपोटीची साखर थोडी उतरली, वाईट कोलेस्टेरॉल उतरले, चांगले चढले. एकाच फुलोऱ्याचा आणि न तापवलेला मध अधिक बरा ठरला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचे मथळे केले, आणि आपल्याकडे ते व्हॉट्सॲपवर येताना ‘मधाने शुगर उतरते, कॅनडात सिद्ध’ एवढेच उरले. गळाले ते महत्त्वाचे होते. साखरेतली सरासरी घट होती ०.२० मिलिमोल, आपल्या मापात साडेतीन-पावणेचार मिलिग्रॅम. घरातल्या ग्लुकोमीटरला प्रमाणित मानताना त्याच्या आकड्यात १५ टक्क्यांचे मागेपुढे चालवून घेतले जाते. १४० च्या साखरेत पावणेचारची घट त्या यंत्रावर दिसणारसुद्धा नाही. संशोधकांनी स्वतःच पुराव्याची खात्री कमी असल्याचे लिहिले. आणि या माणसांचा बाकीचा आहार आरोग्याला धरून होता, वरून घेतलेली साखर मर्यादेत होती. साखर घेणाऱ्याने ती सोडून तिच्या जागी मध घ्यावा, एवढाच सल्ला त्यातून निघू शकतो. जेवण आहे तसे ठेवून वर मधाची भर घालण्याला त्यात कुठेच आधार नाही.

मधुमेह्यांवरच केलेली चाचणी हवी असेल तर इराणकडे बघावे लागते. तेहरानमध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या ४८ रुग्णांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला, तो २००९ मध्ये छापून आला. मध घेणाऱ्या गटाचे वजन घटले, रक्तातली चरबी सुधारली. आणि तीन महिन्यांची सरासरी साखर वाढली. मात्रा बघितली तर आश्चर्य वाटत नाही. शरीराच्या वजनामागे किलोला एक ग्रॅमपासून सुरुवात आणि शेवटच्या पंधरवड्यात अडीच ग्रॅम. साठ किलोच्या बाईला दीडशे ग्रॅम मध. इतका कुणी घेत नाही हे खरे, पण चरबी सुधारूनही साखर वाढू शकते हे त्या कागदावर शेजारीशेजारी लिहिलेले आहे. माझ्या आईच्या कागदाशी मला त्याचे नाते वाटते.

जांभळाच्या मधाचे काय? जांभळाचा मध सुंदर असतो. गडद, किंचित कडसर, जिभेवर रेंगाळणारा. पण जांभळाची कीर्ती आहे ती त्याच्या बियांची, आणि माशी बियांवर बसत नाही. ती फुलातला मकरंद आणते, आणि मकरंद म्हणजे साखरपाणी. फुलोरा बदलला की फ्रुक्टोज-ग्लुकोजचे प्रमाण बदलते हे मात्र खरे. त्यामुळे मधाचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे साखर किती वेगाने रक्तात चढते त्याचे माप, ३२ पासून ८७ पर्यंत कुठेही सापडतो. साध्या साखरेचा ६५ च्या आसपास. फ्रुक्टोज जास्त तर चढ सावकाश. पण फ्रुक्टोज यकृताकडे जाते आणि जास्त झाले की तिथे चरबी होते, त्यामुळे मंद चढणारा मध मनमुराद घ्यावा असा त्याचा अर्थ नाही. आणि बाटलीवर हा आकडा कुणी छापत नाही.

त्यात भेसळीचा प्रश्न. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने बाजारातले १३ ब्रँड जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर चाचणीला पाठवले आणि त्यातले १० नापास झाल्याचे २०२० च्या डिसेंबरात जाहीर केले. मधात तांदळासारख्या धान्यापासून केलेला साखरेचा पाक मिसळला जातो, आणि तो नेहमीच्या चाचण्यांना चकवतो, हे त्यातून लोकांपुढे आले. तांदळाचा पाक म्हणजे मुख्यतः ग्लुकोज आणि माल्टोज. रक्तात साखर भराभर चढवायची तर याहून सोयीचे दुसरे काय असेल? शुगरसाठी म्हणून मध घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला असा पाक येणे हा मला निव्वळ व्यापारी गुन्हा वाटत नाही.

हे लिहिताना मधपाळांकडे पाठ फिरवायची नाही. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तिथली घरे सातेरी माशीच्या पेट्यांवर जगतात. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते तेव्हाचा मध, हिरड्याचा, जांभळाचा, प्रत्येकाची चव ते डोळे मिटून सांगतील. या मधाला चांगली किंमत मिळावी. ती चवीसाठी मिळावी, जंगल राखण्यासाठी मिळावी. त्यावर मधुमेहाचे लेबल चिकटवण्याची त्याला गरज नाही.

आता त्या वस्तूकडे, जिच्यासाठी या पुस्तकातली सर्वांत मोठी तीन प्रकरणे खर्च झाली. प्रोपोलिस. झाडांच्या कळ्यांवरचा चीक आणि राळ माशी खरवडून आणते, त्यात मेण कालवते आणि पोळ्याच्या फटी लिंपते. ग्रीक शब्दाचा अर्थ ‘नगराच्या पुढे’, वेशीवरची तटबंदी. पेटीत उंदीर शिरून मेला आणि त्याला बाहेर ओढणे माश्यांच्या ताकदीबाहेरचे असले, तर त्या त्याला प्रोपोलिसने लिंपून टाकतात आणि तो सडत नाही. आपल्या सातेरीला याची फारशी सवय नाही. ती प्रोपोलिस गोळा करते ते नावापुरते. म्हणून बाजारातले प्रोपोलिस मेलिफेराच्या पेट्यांतले असते, आणि ‘सह्याद्रीच्या सातेरीचे प्रोपोलिस’ कुणी विकू लागले तर दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

इराणमध्येच, अहवाझला, ९४ मधुमेह्यांना ९० दिवस रोज एक ग्रॅम प्रोपोलिस किंवा तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी देऊन पाहिले. २०१९ च्या त्या अहवालात प्रोपोलिसच्या गटाची सरासरी साखर आणि जेवणानंतरची साखर दोन्ही उतरल्या. इतर काही चाचण्याही त्याच दिशेने जातात. पण जपानमध्ये ८० रुग्णांना ब्राझीलचे हिरवे प्रोपोलिस आठ आठवडे दिले, रोज २२६.८ मिलिग्रॅम, तेव्हा साखरेत फरक पडला नाही. मूत्रपिंडाचे काम आणि युरिक ॲसिड मात्र बिघडायचे थांबले. मात्रा वेगळी, मुदत वेगळी आणि मुख्य म्हणजे वस्तूच वेगळी. ब्राझीलची माशी बाकारिस नावाच्या झुडपावरून चीक आणते, समशीतोष्ण देशांतली पॉप्लरच्या कळ्यांवरून. दोन्हींची रसायने निराळी, नाव तेवढे एक. भारतातल्या पेट्यांमध्ये माशी कोणत्या झाडाचा चीक भरते, हे ठरवल्याशिवाय इराणचा निष्कर्ष आपल्या बाटलीला लावता येणार नाही. मला स्वतःला प्रोपोलिसबद्दल आशा आहे, आणि ती लपवायची नाही. आज कोट्यवधी मधुमेही ज्या मेटफॉर्मिनवर आहेत, त्याचा उगम गॅलेगा नावाच्या एका रानटी वनस्पतीत आहे. तिच्यातले नेमके द्रव्य हुडकले, त्याचे भावंड प्रयोगशाळेत बनवले, मात्रा ठरवली, आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी ते रुग्णांना दिल्याचे प्रसिद्ध केले. प्रोपोलिसला हीच वाट चालावी लागेल.

बाकीच्यांवर फार थांबलेले नाही. रॉयल जेलीवर थोड्या, लहान आणि परस्परविरोधी चाचण्या आहेत. राणीमाशी तिच्यावर वाढते आणि कामकरी माशीपेक्षा कित्येक पट जगते, म्हणून माणसाची साखर सुधारेल असे होत नाही. दमेकऱ्यांना तिने गंभीर ॲलर्जी झाल्याच्या नोंदी मात्र आहेत. पराग आणि माशीच्या विषाचे काम अजून बहुतांशी उंदरांवरच आहे, आणि विषाचा घरगुती प्रयोग जिवावर बेतू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर यातले काहीही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नये.

पायाच्या जखमेचे प्रकरण वाचकांनी सोडू नये. मध जखमेवर काम करतो, कारण तो पाणी शोषतो, आम्ल असतो आणि पातळ झाला की त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. भाजलेल्या जखमांबाबत पुरावा बरा आहे. मधुमेह्याच्या पायाच्या व्रणाबाबत तो अजून डळमळीत आहे. आणि रुग्णालयात वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. स्वयंपाकघरातल्या बाटलीत क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू असू शकतात, म्हणून तर वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये म्हणतात. ज्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, त्यावर घरचा मध लावून आठवडाभर वाट बघत बसणे म्हणजे पाय गमावण्याची तयारी.

शेवटी एक रात्र सांगते. आईची गोळी पुन्हा सुरू झाली होती, मध बंद झाला होता, आकडा सातच्या घरात परतला होता. एकादशीचा उपास होता आणि तिने रात्री नुसते ताक घेतले, गोळी मात्र नेहमीची. पहाटे दोनला तिने मला हाक मारली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, पण शुद्ध होती, बोलत होती. यंत्रावर ५८. अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर लगेच द्यायची असते, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ रुग्णालय गाठायचे असते. घरात ग्लुकोजची पूड संपलेली. मी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यातून तीच बाटली काढली आणि एक मोठा चमचा भरून तिच्या पुढे केला. १७ ग्रॅम साखर. ती बघत राहिली.

“अगं, मध आहे हा,” ती म्हणाली.

“साखरच आहे, आई. घे.”

पंधरा मिनिटांनी पुन्हा सुई टोचली. ९४. तिला थोडे दूध नि दोन बिस्किटे दिली. दुसऱ्या दिवशी मी ग्लुकोज आणले, डॉक्टरांना विचारून उपासाच्या दिवसाची गोळी बदलून घेतली. बाटली मात्र आईने परत मागे ठेवू दिली नाही. ती आता गोळ्यांच्या डब्याशेजारी असते, गळ्यात दोऱ्याने बांधलेला एक मोठा चमचा लटकवून.